दोन्ही लिहायला जागा नाही

मागच्या पावसाळ्यात मी कोल्हापुरातल्या एका तपासणी केंद्रात एचआयव्हीची टेस्ट करायला गेलो. पुण्यातही करता आली असती. पण तिथं रूममेट, ऑफिस, रोजची धावपळ. शनिवारी घरी आलो होतो, आईला ‘केस कापून येतो’ सांगून बाहेर पडलो. (परत येताना खरंच केस कापून घ्यावे लागले.)

समुपदेशक मॅडम आईच्याच वयाच्या होत्या. दार लोटून घेतलं, रजिस्टर पुढं ओढलं आणि विचारायला लागल्या.

“लग्न झालंय?”

“नाही.”

“संबंध आलाय कुणाशी?”

“हो.”

“बाईशी, का पुरुषाशी?”

“दोन्ही.”

पेन थांबलं. आवाजात राग नव्हता, किळस नव्हती, फक्त अडचण होती. “दोन्ही लिहायला जागा नाही ओ यात. एक काहीतरी सांगा.”

मी म्हणालो, “तुम्हीच ठरवा.” त्यांनी थोडा विचार केला आणि एका रकान्यात टिक केली. कुठल्या, ते मला दिसलं नाही.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, फॉर्म बनवणं हे माझ्या रोजच्या कामातलं. फॉर्मवर दोन प्रकारची बटणं असतात. गोल बटणांतलं एकच निवडता येतं. चौकोनी बटणांतली हवी तितकी टिक करता येतात. कुठं कुठलं लावायचं हे कुणीतरी आधी ठरवलेलं असतं, आणि ते चुकलं की पुढचा सगळा डेटा चुकतो. माझ्यापुढचा फॉर्म गोल बटणांचा होता. तो तसा का, हे शोधायला लागलो आणि शोध बराच मागं गेला.

दोनशे रुपये दंड

मराठीत या विषयावर उघड बोलणं एड्सच्या खूप आधी सुरू झालं होतं. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. गुप्तरोग कसे टाळायचे यावर पुस्तक लिहिलं. जुलै १९२७पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केलं आणि १९५३ साली मरेपर्यंत चालवलं. त्यात वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं असायची. जे प्रश्न घरी, डॉक्टरला, मित्राला विचारता येत नव्हते, ते लोक पत्रानं कर्व्यांना विचारायचे.

१९३४ साली अशाच काही उत्तरांवरून कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला. प्रश्न हस्तमैथुनाबद्दल आणि समलिंगी संबंधांबद्दल होते. कर्व्यांची बाजू मांडायला कोर्टात उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरला, दोनशे रुपये दंड झाला.

या गोष्टीत मला भिडतो तो पत्र पाठवणारा माणूस. तो १९३४ सालीही होता, त्याला प्रश्न होता, आणि उत्तर देणाऱ्याला शिक्षा झाली. पन्नास वर्षांनी एचआयव्ही भारतात आला तेव्हा हा माणूस तिथंच उभा होता. फक्त आता उत्तर न मिळण्याची किंमत दोनशे रुपयांपेक्षा खूप जास्त होती.

शंभरातले सहा

भारतात एचआयव्ही पहिल्यांदा सापडला तो १९८६ साली चेन्नईत. डॉ. सुनीती सॉलोमन यांच्या मार्गदर्शनाखाली सेल्लप्पन निर्मला या विद्यार्थिनीनं देहविक्रय करणाऱ्या बायकांच्या रक्ताचे शंभर नमुने गोळा केले. सहा पॉझिटिव्ह निघाले. सॉलोमनबाई माहेरच्या गायतोंडे, चेन्नईत स्थायिक झालेल्या मराठी घरातल्या. त्यांनी पुढं आयुष्यभर या रोगाच्या पेशंटना जवळ केलं.

पण त्या पहिल्या शंभर नमुन्यांचा एक परिणाम नकळत झाला. शोध बायकांमध्ये सुरू झाला, म्हणून रोग बायकांमध्ये सापडला, आणि रोगाचा चेहरा ‘ती बाई’ असा ठरून गेला.

दुसरा परिणाम भीतीचा. १४ फेब्रुवारी १९८९ला गोव्यात डॉमिनिक डिसोझा या तरुणाला पोलिसांनी ताब्यात घेतलं. गुन्हा एकच: त्यानं रक्तदान केलं होतं आणि ते रक्त पॉझिटिव्ह निघालं होतं. गोव्याच्या तेव्हाच्या आरोग्य कायद्यानुसार त्याला एका जुन्या टीबी इस्पितळात ६४ दिवस एकटं कोंडून ठेवलं. तो कोर्टात लढला, बाहेर आला, १९९२ साली वारला. टेस्ट केली की काय होतं, याचं हे उत्तर सगळ्या देशानं पेपरात वाचलं. अशा वेळी कोण स्वतःहून टेस्ट करायला जाणार?

मंजुळा आणि बलबीर

२००२च्या शेवटी मुंबईत होर्डिंगं लागली: बलबीर पाशाला एड्स होईल का? बलबीर हा काल्पनिक माणूस. कधी दारूच्या नशेत कंडोम विसरायचा, कधी म्हणायचा मी फक्त मंजुळाकडंच जातो, मग मला कसला धोका. मोहीम प्रचंड गाजली, हेल्पलाइनचे फोन वाजायला लागले. मंजुळेसारख्या बायकांकडं रोगाचं बोट दाखवलं म्हणून टीकाही झाली.

त्यात अजून एक गोष्ट होती, जी तेव्हा फारशी कुणाला खटकली नसावी. बलबीर पुरुषाकडं जाईल, ही शक्यताच त्या गोष्टीत नव्हती. एसटी स्टँडवरच्या भिंतीपासून टीव्हीपर्यंत धोक्याचं चित्र एकच होतं, एक पुरुष आणि एक बाई. ते वर्षानुवर्षं बघणारा माणूस काय शिकणार? रोग बाईपासून होतो. मग मित्राबरोबर, दोस्ताबरोबर जे होतं त्याला धोका कशाला म्हणायचं? त्याला तर सेक्सही म्हणत नाहीत, ‘मस्ती’ म्हणतात.

प्रत्यक्षात गणित उलटं आहे. कंडोम नाही, औषधोपचार नाही आणि जोडीदार पॉझिटिव्ह आहे असं धरलं, तर दर दहा हजार वेळांमागं लागण होण्याचा अंदाज असा: गुदमैथुन करवून घेणाऱ्याला १३८, करणाऱ्याला ११, योनिसंभोगात बाईला ८, पुरुषाला ४. गुदद्वाराच्या आतलं अस्तर पातळ असतं, ओलावा नसतो, बारीक जखमा होतात, म्हणून हा फरक. तिथं कंडोमबरोबर पाण्याचा अंश असलेलं वंगण लागतं. खोबरेल किंवा व्हॅसलीन लावलं तर कंडोमचं रबर कमकुवत होऊन फाटतं. ही एवढी साधी माहिती. माझ्या पिढीतल्या किती जणांना ती शाळेत, घरी, किंवा जाहिरातीत मिळाली?

“नवऱ्याला कुठून झाला?”

करोनाच्या काळात रोज संध्याकाळी टीव्हीवर दिसणारे डॉ. रमण गंगाखेडकर आठवत असतील. त्याच्या कितीतरी आधी, १९९७ साली, पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत असताना त्यांनी आणि सहकाऱ्यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. पुण्यातल्या गुप्तरोगाच्या दवाखान्यांत आलेल्या ९१६ बायका तपासल्या होत्या. त्यातल्या ३९१ देहविक्रय करणाऱ्या नव्हत्या. या ३९१पैकी १३.६ टक्के बायका पॉझिटिव्ह निघाल्या. त्यातल्या बहुतेक संसारी बायका, आयुष्यात नवऱ्याशिवाय कुणाला न शिवलेल्या.

या अभ्यासानं ‘त्या बाईचा रोग’ हे चित्र मोडलं. पण मग पुढचा प्रश्न, नवऱ्याला कुठून झाला? याचं उत्तर सगळ्यांकडं तयार होतं: वस्तीतून.

बऱ्याचदा ते खरंही होतं. पण त्याच पुण्यातल्या गुप्तरोग दवाखान्यांतली १९९३ ते २००२ या दहा वर्षांची पुरुषांची नोंद २००६ साली प्रसिद्ध झाली. दहा हजारांहून जास्त पुरुष होते. शंभरातल्या सहा-सात जणांनी पुरुषांशी संबंध आल्याचं सांगितलं, आणि त्यांच्यातला जवळपास पाचातला एक पॉझिटिव्ह होता. आणि हे फक्त ज्यांनी तोंडानं सांगितलं ते. भारतातल्या पाहण्यांमध्ये पुन्हा पुन्हा दिसत आलंय की पुरुषांशी संबंध असणाऱ्या पुरुषांतल्या बऱ्याच जणांचे बायकांशीही संबंध असतात, आणि अनेकांचं लग्न झालेलं असतं. आपल्याकडं लग्न कुणाला चुकलंय?

म्हणजे ती ३९१ बायकांची नोंद आणि ही पुरुषांची नोंद काही ठिकाणी एकाच घराची असणार. पण दोन्ही नोंदी वेगवेगळ्या कपाटांत राहिल्या.

पूल

सरकारी कामाला शब्द लागतात. नव्वदीत ‘पुरुषांशी संबंध असणारे पुरुष’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. हेतू चांगला होता. तू स्वतःला काय म्हणवतोस ते राहू दे, काय करतोस तेवढं बघू. पुढं कार्यक्रमाच्या भाषेत पोटभाग आले. बायकी वागणारे, घेणारे ते कोथी. मर्दानी, देणारे ते पंथी. दोन्ही करणारे ते डबल डेकर. हे शब्द आधी लोकांच्याच बोलण्यातले होते, मग ते रजिस्टरमध्ये गेले. काम सगळ्यात जास्त झालं ते जे दिसत होते त्यांच्यासाठी, म्हणजे ठरलेल्या जागी रोज भेटणाऱ्यांसाठी. ते बरोबरही होतं, कारण सगळ्यात जास्त धोका आणि सगळ्यात जास्त मार त्यांनाच होता. पण जो त्या जागी दहा मिनिटं येतो आणि गाडीला किक मारून बायकोकडं जातो, तो कुठल्या रकान्यात?

त्याच्यासाठी एक वेगळा शब्द होता, पूल. जास्त लागण असलेल्या गटातून सर्वसामान्य घरांत विषाणू ज्यांच्यामार्फत जातो ते लोक. सरकारी कार्यक्रमात हा शब्द मुख्यतः ट्रकवाले आणि स्थलांतरित कामगार यांच्यासाठी वापरला गेला. कोल्हापूर म्हणजे पुणे-बेंगळुरू हायवे, शिरोली-गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्या, इचलकरंजीचे यंत्रमाग, उसाच्या हंगामातल्या टोळ्या. पुलाचे सगळे खांब आमच्याच जिल्ह्यात. गेट्स फाउंडेशनचा ‘आवाहन’ प्रकल्प २००३ साली सहा राज्यांत सुरू झाला, महाराष्ट्र त्यात होता. त्याच्या पाहणीत कोल्हापूरचं नाव मला सापडलं, ते देहविक्रय करणाऱ्या बायकांच्या तक्त्यात.

बाई आणि पुरुष दोघांशी संबंध असणाऱ्या पुरुषालाही अभ्यासक पूलच म्हणत आले. शब्द चुकीचा नाही. पण आमच्या पंचगंगेवर जुना शिवाजी पूल आहे. त्याच्यावरून पलीकडं काय जातं याची चौकशी सगळे करतात. पुलाचं काय दुखतंय, हे कुणी विचारत नाही. ज्याच्याकडं सगळे फक्त ‘बायकोला रोग देणारा’ म्हणून बघतात, तो दवाखान्यात गेल्यावर खरं बोलणार नाही. “बाईकडं गेलो होतो” म्हणेल. कारण आपल्याकडं ती चूक समजली जाते, आणि दुसरी गोष्ट म्हणजे कलंक. खोट्या उत्तरावर खोटा सल्ला मिळतो, आणि त्याची किंमत शेवटी घरातली तीच बाई मोजते जिला वाचवायला हे सगळं चाललं होतं.

कायद्याची भिंत

तो खरं का बोलत नव्हता याचं अजून एक कारण इंग्रजांनी १८६०मध्ये लिहून ठेवलेलं होतं, कलम ३७७. १९९४ साली तिहार तुरुंगात कंडोम द्यावेत अशी सूचना आली, प्रशासनानं नकार दिला. दिले तर आत असले संबंध होतात हे मान्य केल्यासारखं होईल. त्यावर एड्स भेदभाव विरोधी आंदोलन ही संघटना दिल्ली हायकोर्टात गेली. २००१ साली लखनौमध्ये एचआयव्हीचं काम करणाऱ्या चार कार्यकर्त्यांना पकडून ४० दिवसांहून जास्त तुरुंगात ठेवलं. कंडोम वाटणं, माहिती देणं हाच पुरावा.

पुढं दिल्ली हायकोर्टात ३७७वर सुनावणी चालू असताना एक चमत्कारिक गोष्ट घडली. गृह खात्याचं म्हणणं होतं कलम राहू द्या. आणि २००६ साली त्याच सरकारच्या राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेनं प्रतिज्ञापत्र दिलं की या कलमाच्या भीतीनं लोक लपतात, आमचं काम होत नाही. एकाच सरकारचे दोन हात एकमेकांना ओढत होते. २००९ साली हायकोर्टानं दिलासा दिला, २०१३ साली सुप्रीम कोर्टानं तो काढून घेतला, आणि ६ सप्टेंबर २०१८ला सुप्रीम कोर्टानंच संमतीच्या संबंधांना गुन्ह्यातून बाहेर काढलं. चारच दिवसांनी, १० सप्टेंबरला, एचआयव्ही-एड्स कायदा लागू झाला. संमतीशिवाय टेस्ट नाही, रिझल्ट गुप्त, नोकरी-उपचारात भेदभाव नाही. पॉझिटिव्ह माणसावर जोडीदाराला जपायची जबाबदारी टाकली आणि ठरावीक अटी पाळून डॉक्टर-समुपदेशकाला जोडीदाराला सावध करण्याची मुभाही दिली. म्हणजे गुप्तता आणि बायकोचा जीव, दोन्ही रकाने एकाच कागदावर आले.

पन्नास किलोमीटरवर

कायदा बदलायची वाट न बघता काम करणारे लोकही होते. मुंबईत ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक १९९०मध्ये निघालं, हमसफर ट्रस्ट १९९४मध्ये. आणि कोल्हापूरपासून पन्नासेक किलोमीटरवर, सांगलीत, मीना सरस्वती सेषू यांनी १९९२ साली ‘संग्राम’ सुरू केलं. त्यांनी कंडोम वाटायला बाहेरून कार्यकर्ते आणले नाहीत, गोकुळनगरच्या बायकांच्याच हातात काम दिलं. त्यातून १९९६ साली वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी राहिली, आणि पुढं पुरुष व तृतीयपंथी देहविक्रय करणाऱ्यांची ‘मुस्कान’.

मुंबईत असो वा सांगलीत, धडा एकच दिसतो. ज्याला तू पूल म्हणतोस त्यालाच काम सोपव. आपल्यातलाच माणूस विचारतो तेव्हा गोल बटण लागत नाही. “काय काय करतोस? कुणाकुणाबरोबर? कंडोम कधी वापरतोस, कधी नाही?” एवढं पुरतं. बायकोबरोबर कंडोम का नाही, याचं उत्तरही तिथंच मिळतं: “एवढ्या वर्षांनी आता कसा काढू? संशय येईल.”

आता काय आहे

एप्रिल २००४पासून सरकारी दवाखान्यांत एचआयव्हीचं औषध मोफत मिळायला लागलं. २०१७पासून पॉझिटिव्ह निघालेल्या प्रत्येकाला लगेच औषध सुरू करायचं धोरण आलं. २०११ साली १,७६३ जोडप्यांच्या अभ्यासात, ज्यात पुण्याचीही जोडपी होती, दिसलं की वेळेवर औषध घेतल्यानं जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते. २०१९ साली ७८२ पुरुष जोडप्यांच्या युरोपातल्या अभ्यासात औषधानं विषाणू दबलेल्या जोडीदाराकडून एकही लागण झाली नाही. धोका येऊन गेल्यावर ७२ तासांच्या आत सुरू करायचं २८ दिवसांचं औषध आहे. आधीपासून रोज घ्यायची ‘प्रेप’ची गोळी आहे. तिच्यासाठी राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना २०२२ साली आल्या. टेस्ट सरकारी केंद्रात मोफत आहे आणि १०९७ हा फोन नंबरही.

तरी २०१७च्या सरकारी पाहणीत गरोदर बायकांमधलं प्रमाण ०.२८ टक्के असताना पुरुषांशी संबंध असणाऱ्या पुरुषांतलं २.६९ टक्के होतं, जवळजवळ दहापट. औषध आहे, कायदा आहे. राहिलाय तो दार लोटून घेतल्यावरचा प्रश्न, आणि त्याला खरं उत्तर देता येईल अशी जागा.

माझा रिझल्ट निगेटिव्ह आला. मॅडम म्हणाल्या, “तीन महिन्यांनी परत या.” मग जरा थांबून, पहिल्यांदाच ‘तू’ म्हणाल्या: “आणि बाळा, लग्न करशील तेव्हा त्या पोरीला अंधारात ठेवू नकोस.” मला आधी राग आला. नंतर वाटलं, या बाईनं एवढ्या वर्षांत त्या खुर्चीवर किती जणी बघितल्या असतील.

तीन महिन्यांनी परत गेलो. रजिस्टर तेच होतं, पण या वेळी त्यांनी रकाना सोडला आणि शेऱ्याच्या जागी बारीक अक्षरात दोन्ही लिहिलं. परत निगेटिव्ह.

आता सांगलीचं एक स्थळ आलंय. येत्या रविवारी बघायला जायचंय. मोठी माणसं पोहे खात असतील तेव्हा आम्हाला दोघांना गच्चीवर बोलायला पाठवतील, तसं ठरलंय म्हणे. तिथं मी तिला सांगणार आहे, माझ्याबद्दल आणि या दोन रिझल्टबद्दलही. ती नाही म्हणाली तर आईला कारण काय सांगायचं, हे अजून ठरलेलं नाही.